सटवाजीनं मांडलेल्या हंड्या

सटवाजीला मी कधी पाहिलं नाही. त्याची हकिगत मला सांगितली ती दत्तोपंत फोटोग्राफरांनी. तीही एकदाच, आणि सांगून झाल्यावर पुन्हा विषय काढू दिला नाही.

सटवाजी मूळचा पिंगळीचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि खाणारी तोंडं पुष्कळ, म्हणून तो लहानपणीच परभणीला आबासाहेब वकिलांच्या घरी कामाला लागला. तेव्हा आबासाहेबांचे वडील हयात होते. घरात त्यांना थोरले सरकार म्हणत. थोरल्या सरकारांना काचेचा भारी शौक. छताला टांगायच्या, दिव्याच्या बिलोरी हंड्या, गुलाबदाण्या, लांब मानेच्या सुरया, मेणबत्त्यांची शामदानं. कुठून कुठून आणून त्यांनी दिवाणखाना भरून टाकला होता. ती काच सांभाळायचं आणि संध्याकाळी हंड्यांत तेलवात करायचं काम सटवाजीकडं आलं आणि चाळीस वर्षं त्याच्याकडंच राहिलं. आठवड्यातून एकदा सगळी उतरवायची, रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायची आणि जागच्या जागी नेऊन ठेवायची. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकच प्याला फुटला. त्यानंतर दोन दिवस तो जेवला नव्हता, असं घरातले सांगत.

थोरले सरकार गेले. घरात गॅसबत्ती आली. हंड्या आता सणावारालाच लागत, पण सटवाजीचं पुसणं चालूच होतं.

सन चाळीसच्या थंडीत हैदराबादचा एक बडा अधिकारी दौऱ्यावर आला आणि आबासाहेबांकडं चहाला थांबला. आबासाहेबांच्या मुलाची, किशनरावांना नोकरी लावणं त्याच्या हातात होतं. चहा पिता पिता त्यानं वर पाहिलं आणि "क्या खूबसूरत चीजें हैं, वकीलसाब," एवढंच म्हणाला. पंधरा दिवसांनी त्याच्या कारकुनाचं पत्र आलं. निवडक काचसामानाचा फोटो पाठवावा, साहेब पसंत करतील. नजराणा हा शब्द पत्रात कुठं नव्हता, पण आबासाहेबांना तो वाचता आला. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी दत्तोपंतांना बोलावणं धाडलं.

दत्तोपंतांचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला. नवरानवरी, शाळेतले गट, मेलेला माणूस खुर्चीत बसवून, असले फोटो त्यांनी ढिगानं काढले होते. काचेचा एकही नाही. सकाळी ते तीन पायांचं तिकाटणं आणि कॅमेरा घेऊन आले. दिवाणखान्याच्या पांढऱ्या भिंतीशी टेबलं लावून सगळं सामान ओळीनं मांडलं, काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि घाबरले. काच दिसतच नव्हती. जी दिसत होती तिच्यात समोरची खिडकी गजांसकट उमटलेली. टेबल सरकवलं, पडदा ओढला. काही उपयोग नाही. बरोबर फोटोच्या प्लेटा दोनच आणलेल्या.

सटवाजी दाराशी उभा होता.

"पंत, येक बोलू का?"

"बोल."

"काच आशी दिसत न्हाई. समोरून उजेड आला की ती तोंड लपवती. बाजूनं यावा लागतो. मागल्या पडवीत चला."

पडवीत सकाळचं ऊन तिरपं येत होतं. सटवाजीनं आपली काळी घोंगडी मागं टांगली आणि एक हंडी आणून तिच्यापुढं ठेवली. हंडीची कड न् कड चांदीच्या तारेनं आखल्यासारखी उजळली. दत्तोपंत मला म्हणाले, "पंधरा वर्षं धंदा करत होतो, आणि उजेड म्हणजे काय ते त्या दिवशी एका दिवाबत्तीवाल्यानं दाखवलं."

त्यांनी त्याला कॅमेऱ्यातून बघायला लावलं. फडक्याखाली डोकं घालताच सटवाजी ओरडला, "आगं आई, उलट्या झाल्या!" आणि हंड्या झेलायला धावला. कॅमेऱ्यात सगळं उलटंच दिसतं हे समजावल्यावर मात्र तो पुन्हा पुन्हा बघू लागला. मग मांडणी त्यानंच हातात घेतली. मोठ्या हंड्या मागं, सुरया बाजूला, गुलाबदाणी पुढं पण मधोमध नाही, जराशी डावीकडं. दोन नगांमध्ये बोटभर जागा सोडायचा. "येकीचा रंग दुसरीत सांडाया नगं." निळ्या हंडीशेजारी त्यानं मुद्दाम बिनरंगाची सुरई ठेवली.

"सगळं बसत नाही," दत्तोपंत म्हणाले. "काही काढावं लागेल. काय काढू?"

सटवाजीनं स्वतःच काढलं. कडेला टवका गेलेल्या दोन हंड्या, तडकलेली अत्तरदाणी, डाग पडलेले प्याले. उरलं ते घरातलं सगळ्यात उत्तम. ते बघत तो उभा राहिला, आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "पर ह्यो फोटू कशासाठी काढायलाव, पंत?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दत्तोपंतांनी सांगितलं.

"म्हंजी फोटूत जे हाय ते जायाचं?"

"पसंत पडलं तर जाईल."

"आन् फोटू वंगाळ निघाला तर?"

"तर कदाचित राहील." दत्तोपंतांनी आवाज खाली आणला. "हे बघ, प्लेट हलली असं मी सांगू शकतो. नाहीतर ते टवके गेलेलेच मांड. तू मांडशील ते मी काढीन."

सटवाजी उकिडवा बसला. बऱ्याच वेळानं उठला. निळी हंडी उचलून खाली ठेवली आणि तिच्या जागी टवक्याची हंडी मांडली. मागं सरून बघितलं. पुढं येऊन टवका मागच्या बाजूला फिरवला. पुन्हा बघितलं. मग ती हंडी उचलली आणि निळी परत जागेवर ठेवली. तिच्यावर त्याच्या बोटाचा ठसा उमटला होता, तो त्यानं फडक्यानं पुसला.

"न्हाई जमत, पंत. हात ऐकत न्हाई. थोरल्या सरकारांची काच परक्या माणसापुढं फुटकी कशी दावू? काढा तुमी."

दत्तोपंतांनी भिंगाचं झाकण हातात धरलं. गुलाबदाणीच्या पोटात सटवाजीचं पागोटं दिसत होतं, म्हणून त्याला खांबाआड व्हायला सांगितलं. मनात आलं, तिकाटण्याला हळूच गुडघा लावावा. मनातच राहिलं. त्यांनी झाकण काढलं, आठ अंक मोजले आणि ते परत लावलं.

"मला वाटत होतं तो थांबवील," ते मला म्हणाले. "त्याला वाटलं असेल मी थांबेन."

फोटो अप्रतिम निघाला. दत्तोपंतांनी आयुष्यात त्याहून चांगला फोटो काढला नाही. हैदराबादेहून महिन्याच्या आत उत्तर आलं. फोटोतलं सर्व सामान पाठवावं. आबासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि सटवाजीकडं न बघता म्हणाले, "बांधून दे रे."

सटवाजीनं तीन दिवस बांधाबांध केली. एकेक नग पिंजलेल्या कापसात गुंडाळून पेटीत ठेवला आणि फटीत कडब्याची कुट्टी भरली. पेट्या बैलगाडीनं स्टेशनवर नेल्या. तो गाडीत बसला नाही, पेट्यांवर हात ठेवून बाजूनं चालत गेला. हमालांनी पेट्या डब्यात चढवताना तो प्रत्येकाला "हळू बाबा, हळू" म्हणत होता. एकानं पेटी आपटली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. आत काय झालं असेल ते उघडून बघायची सोय नव्हती.

किशनरावांना नोकरी मिळाली नाही. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबाला आबासाहेब कोण ते माहीत नव्हतं.

दिवाणखान्यात टवक्याच्या दोन हंड्या, अत्तरदाणी आणि प्याले उरले. सटवाजी आठवड्याला ते पुसायचा. सकाळीच काम संपायचं, मग दिवसभर पडवीत बसून राहायचा. एकदा फोटोची एक प्रत द्यायला दत्तोपंत गेले. त्यानं ती घेतली नाही. "चांगलं चांगलं मीच येचून दिलं, पंत," म्हणाला. "कुणी मागितलं बी नव्हतं. मीच."

वर्षभरात तो पिंगळीला बायकोकडं, बायनाबाईकडं निघून गेला.

पुढं पाच वर्षांनी दत्तोपंत एका लग्नाचे फोटो काढायला पिंगळीला गेले. विचारत विचारत त्याचं घर गाठलं. सटवाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून त्यानं ओळखलं. बायनाबाईंनी गुळाचा चहा दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यानं विचारलं, "पंत, त्या हंड्या लावतेत का वो तिथं? का नुसत्या कपाटात ठिवल्यात?"

दत्तोपंतांना काहीच माहीत नव्हतं. पण त्या चेहऱ्याकडं बघून त्यांना तसं सांगवेना.

"लावतात तर! मी हैदराबादला गेलो होतो ना. दर शुक्रवारी लावतात. डोळ्यांनी पाहिलं."

सटवाजी एकदम ताठ बसला. "आगं, ऐकलंस का? लावतेत म्हनं!" त्यानं बायकोला हाक मारली. मग दत्तोपंतांकडं तोंड करून हसत म्हणाला, "तेल कंचं घालतेत?"

दत्तोपंतांनी याचा विचारच केला नव्हता. घरात रोज जे जळतं तेच तोंडात आलं. "रॉकेल."

सटवाजीच्या हातातली कपबशी थांबली.

"हंडीत रॉकेल?"

"म्हणजे... मला वाटतं..."

"काजळी धरती वो पंत. बिलोरी काच हाय ती. येकदा काळवंडली की कशानं निघत न्हाई. कुनी सांगितलं न्हाई का त्येंला?"

"नाही, चुकलो मी. खोबऱ्याचंच असेल. लांबून पाहिलं ना."

"आसंल," सटवाजी म्हणाला. पण त्याला ते पटलं नव्हतं. सगळंच खोटं आहे हे सांगायला दत्तोपंतांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आता ते सांगणंही क्रूरपणाचं झालं असतं, आणि न सांगणं तर होतंच.

गाडीची वेळ झाली. नको नको म्हणताना सटवाजी काठी टेकत स्टेशनपर्यंत आला. दत्तोपंत डब्यात चढले, तरी तो खिडकीचा गज धरून उभा होता.

"जाल तवा सांगा त्येंला. हंडीतल्या गिलासात खाली पानी, वर खोबऱ्याचं तेल. रॉकेल न्हाई. सांगाल न्हवं?"

"सांगतो," दत्तोपंत म्हणाले.

"खाली पानी, वर तेल."

गाडी हलली, तेव्हा एका पोर्टरनं त्याचा हात गजावरून सोडवला.