सादळलेल्या करंज्यांचे विमानकाका

विमानकाकांना ताज्या समोशात रस नव्हता. सकाळी फिरून येताना ते गरम समोसे घेऊन येत आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. "ताजा समोसा कोणीही खाईल," ते म्हणत. "त्यात आपलं काय कर्तृत्व?" संध्याकाळी ते मऊ पडलेले समोसे एअर फ्रायरमध्ये मांडत आणि हात मागे बांधून समोर उभे राहत. घंटी वाजेपर्यंत काकूंनी कितीही हाका मारल्या तरी जागचे हलत नसत.

ओझरच्या विमान कारखान्यातून ते निवृत्त झाले होते, म्हणून आमच्या इमारतीत त्यांचं हे नाव पडलं. फ्रायर मुलाने पाठवलेला. काकू त्याला हात लावत नसत, कारण काका लावू देत नसत. "खेटून ठेवायचं नाही, वारा फिरला पाहिजे. आधी मंद आच, म्हणजे आतला बटाटा गरम होतो. मग जोरात, म्हणजे वरचं कुरकुरीत होतं." मायक्रोवेव्हचं नाव काढलं की त्यांचं तोंड वाकडं होई. "त्यात समोसा घातला की ओला रुमाल बाहेर येतो."

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. नदीकाठी परडीत हार विकण्यापासून सुरुवात केली, आज फुलबाजारात माझा स्वतःचा गाळा आहे. कुणाचं फुकट घेतलं नाही आणि सांगितलेल्या भावाला कधी काही घेतलं नाही. काका मला 'शेठाणी' म्हणत. माझी घासाघीस ऐकायला मुद्दाम दार उघडून उभे राहत. भाजीवाला जिना उतरायला लागला की म्हणत, "शेठाणी, उद्या परत येईल एवढा तरी जीव राहू द्या त्याच्यात."

माझे यजमान गेले, त्या वर्षीची दिवाळी. माणूस गेलेल्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ बाहेरून येतो. आमच्यात आधी भावकीचा डबा, मग शेजाऱ्यांचा. चांदवडला माझे सख्खे दीर राहतात. यजमानांनी त्यांना स्वतःजवळ ठेवून शिकवलं होतं. मी वाट पाहत राहिले. शेजारणी डबे घेऊन येत होत्या आणि मी दारातूनच परत पाठवत होते, "आधी चांदवडचा येऊ द्या." पाडव्याला न राहवून मीच फोन केला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कांद्याची लागण चालू हाय. यंदा नाय जमायचं." मी फोन ठेवला आणि मुलीला सांगून टाकलं, आपल्याला कुणाचाच फराळ नको. सई तेव्हा बारावीला होती. तिने ताटातली पोळी खाल्ली.

भाऊबीज झाल्यावर काका आले. हातात फ्रायर, मागे पिशवी घेऊन काकू. न विचारता काकांनी तो माझ्या ओट्यावर ठेवला, वायर लावली आणि पिशवीतून एकेक डबा काढायला सुरुवात केली. डबे मी ओळखले. मी परत पाठवलेलेच होते ते. प्रत्येकीला जिन्यात गाठून काकांनी डबा ठेवून घेतला होता. करंज्या सादळल्या होत्या, चिरोटे हातात धरले की वाकत होते.

माझं डोकं फिरलं. "शिळं वाटायला माझंच घर सापडलं का?"

"हो," काका म्हणाले. "ताजं होतं तोवर ते लोकांचं होतं. तुम्ही नाही म्हणालात, ठीक. आता हे कुणाचंच नाही. आणि कढई चढवायची नाही ना? इथं तळण नाही, नुसता वारा आहे."

"पण चांदवडहून आलं नसताना..."

"चांदवडवाल्यांशी भांडा की खुशाल! पोरीच्या तोंडाशी कशाला भांडता?"

काकांनी करंज्या सुट्या सुट्या मांडल्या, "गोडाला आच कमीच हवी," असं स्वतःशीच म्हणत उभे राहिले. घंटी वाजली. पहिली करंजी त्यांनी सईच्या हातावर ठेवली. तिने ती खाल्ली, तो आवाज मला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "बाबांना असंच भरपूर खोबरं लागायचं," ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता तिने दुसरी उचलली. बाबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. काकांनी मग बशी माझ्यापुढे धरली.

"काय शेठाणी, पटला का माल?"

"पटला," मी म्हटलं आणि खाल्लं.

चांदवडचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही. पुढच्या वर्षी भाऊजी डबा घेऊन आले तेव्हा मी चहा केला, एवढंच. पण माझ्या रागापायी माझी पोर फराळावाचून राहिली नाही, याचं श्रेय माझं नाही. ते काकांचं.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. वसुबारसेच्या सकाळी मी करंज्यांचा पहिला घाणा काढला आणि डबा घेऊन समोरचं दार वाजवलं. काकू दार धरून उभ्या राहिल्या. "अगं, मनमाडच्या जाऊबाईंचा डबा यायचाय अजून. आधी त्यांचा..."

मला चिडायला वेळ लागत नाही. "येईल तेव्हा येईल! तुम्ही हा घ्या. शिळा होईपर्यंत सांभाळून ठेवायला आता काका नाहीत."

काकूंनी तिथेच उंबऱ्यात डब्याचं झाकण काढलं आणि गरम करंजी दोन्ही हातांनी मोडून तोंडात घातली.