कॅसेटच्या शेवटची दोन मिनिटं

माझा स्वभाव मुळातच काटेकोर. बायकोच्या भाषेत किरकिरा. तासगावच्या मावशीने काकांची कॅसेट हवाली केली, तेव्हा मी साताऱ्यात चार दिवस तेच काम घेऊन बसलो. काका फौजेत होते. पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट पाठवायचे. आता ते नाहीत, आणि बाकीच्या कॅसेटींवर पोरांनी कधीच गाणी भरून टाकली होती. ही एकच उरली होती, तीही बुरशी धरलेली.

टेपरेकॉर्डर जोडून आवाज कॉम्प्युटरवर घेतला. खरखर काढली. शेवटची दोन मिनिटं काका काही बोलतच नव्हते, तो रिकामा भाग कापला. मग ती भलीमोठी फाइल लहान केली, आवाजातला कणही न गमावणाऱ्या प्रकारात. नुसत्या विश्वासावर बसणारा मी नव्हे. मोठ्या फाइलचा आवाज, त्याच्या लहरी खालच्या वर करून, लहान फाइलमध्ये मिसळला. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर एकमेकींना खोडतात. मागे काहीही उरलं नाही. मी स्वतःचीच पाठ थोपटली, मोठी फाइल पुसली आणि कॅसेट घंटागाडीत टाकली.

तासगावला जाऊन मावशीला मोबाइलवर ऐकवलं. "मूळ आवाजात तसूभर फरक नाही," मी छाती फुगवून सांगितलं. आईचे गुडघे, द्राक्षाची छाटणी, म्हैस व्याली का, सगळं विचारून काका थांबले. मावशी फोनकडे बघत राहिली.

"फुडचं लाव की रं."

"संपलं, मावशी."

"न्हाई. समद्यांम्होरं कॅसेट लागायची, सासू-सासरं बसल्यालं. माझं नाव कसं घ्यायचं त्यांनी? बोलून झालं की टेप चालू ठिवून नुसतं गप बसायचं. श्वास ऐकू यायचा. त्येवढं माझं आसायचं."

तपासणी चोख होती, पण मी कापलेलंच कापलेल्याशी ताडून पाहिलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच पाय धरून सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कॅसेटवर तेवढंच होतं गं."

"व्हय?" ती उठून चहा ठेवायला लागली. मग म्हणाली, "मंजी मलाच भास व्हायचा म्हनायचा. लय वर्सं."

"असेल," मी म्हणालो, आणि तिने पुढे केलेला चहा प्यायलो.