गोदाकाकूचा आवाज

सहार विमानतळावर निरोप घेताना बाबा म्हणाले, "तिकडे थंडी फार. घसा जप." आई डोळे पुसत होती. धाकटी बहीण नंदा माझी ट्रॉली धरून उभी होती. सोमवारी तिचं पहिलं रेकॉर्डिंग होतं, माझ्या जागी.

लग्नाआधी पुणे रेडिओवर दर रविवारी लागणाऱ्या विनोदी श्रुतिकेत मी गोदाकाकू व्हायचे. शेजारपाजारच्या प्रत्येक भांडणात पडणारी, नाकात बोलणारी गोदाकाकू. वाणीसुद्धा मला आवाजावरून ओळखायचा. कार्यक्रम संपला की बाबा ट्रान्झिस्टर बंद करून माझ्या चुका काढत. "हशा यायच्या आतच पुढचं वाक्य टाकलंस." मी चिडायचे.

ओसाकातल्या फ्लॅटच्या भिंती पातळ होत्या. माझा नवरा अविनाश ऑफिसला गेला की कचरा टाकताना शेजारणीला सकाळचं 'ओहायो' आणि कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातल्या मुलीला आभाराचं 'अरिगातो', एवढाच माझा आवाज दिवसभरात लागायचा.

अविनाशचा एक सहकारी पुण्याहून आला. त्याच्याबरोबर बाबांनी नंदाच्या कार्यक्रमाची कॅसेट पाठवली. मी ती एकटीनं लावली. नंदानं वाईट काम केलेलं असावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. तसं काही नव्हतं. तिनं गोदाकाकूला किंचित बहिरी केलं होतं, आणि इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. मला हसू फुटलं, त्याचाच जास्त राग आला.

दिवाळीला आमच्याकडे जमलेल्या ओसाकातल्या मराठी मंडळींनी तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावली. "तुमच्या बहिणीनं कमाल केलीय हो," कुलकर्णीवहिनी म्हणाल्या. मी चकल्या आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले.

फोनवर बाबांना विचारलं, "नंदा कशी करते?"

"करते. तू नीट जेवतेस ना?"

पाहुण्यांशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलू लागले होते.

पुढे टीव्हीवर चॅनेलं वाढली आणि श्रुतिका बंद झाली. नंदाचा फोन आला. मला आतून बरं वाटलं. ते लपवत म्हटलं, "वाईट झालं गं."

"सुटले मी, ताई. दर रविवारी रेडिओ बंद केला की बाबा समोर बसवायचे. 'सुधा इथं थांबली असती, सुधानं हे वाक्य असं टाकलं नसतं,' म्हणायचे. तुझा किती राग राग केला मी, तुला काय सांगू."

दोघीही खूप हसलो. त्यानंतर माझ्या मनातला हेवा संपायला हवा होता.

आता इथं माझं बरं चाललंय. लेक माझ्याशी जपानीत भांडते, मी तिच्याशी मराठीत. सुट्टीत पुण्याला गेले की माझ्यासाठी नवी चादर काढतात, आवडीची भाजी करतात, मी काहीही बोलले तरी कौतुकानं ऐकतात, चूक कुणी काढत नाही. तुमच्यापैकी जे असे लांब गेलेत, त्यांना हे ठाऊक असेल. नंदाला मात्र बाबा आजही बोलता बोलता मध्येच थांबवतात, "अगं, नीट सांग," म्हणून रागावतात. ती माझ्याकडे बघून डोळे फिरवते. तिला वाटतं, मी सुटले.