मोकळं केलेलं पिल्लू

एकविसाव्या दिवशी इनक्युबेटरमधल्या एका अंड्याला भोक पडलं आणि आतली चोच दिसली. मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात माझ्या थोरल्या नणंदेने झाकण उघडून नखाने कवच सोललं. पिल्लू रक्ताळलं आणि थोड्या वेळाने मेलं.

“बिचारं दमलं होतं गं, मी मोकळं केलं,” त्या म्हणाल्या.

दुष्टपणाने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मायेने केलेल्या घाईला कुणी बोलत नाही, म्हणूनच अशी माणसं जन्मभर दुसऱ्यांच्या आयुष्यात हात घालत राहतात. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

दुसऱ्या अंड्याला तडा गेला. त्या पुढे सरकल्या.

“वन्सं, हात लावू नका.”

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना अडवलं. ते पिल्लू संध्याकाळी आपलं आपण बाहेर आलं. तोवर मी झाकणावरचा हात काढला नाही.