घर पाहणाऱ्या बाई

‘पोरगं ठोंब आहे’ असं कुणी म्हणालं, की बाई हातातला चहा खाली ठेवायच्या, पायानंच चपला चाचपायच्या आणि म्हणायच्या, “आधी घर दाखवा.”

म्हणणारी आई असो, मामा असो नाहीतर शाळेचा हेडमास्तर. लोक चिडायचे. पोराबद्दल बोलतोय, घराचा काय संबंध? पण तोवर बाई पायरी उतरलेल्या असायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना ‘नको’ म्हटलेलं ऐकूच येत नाही.

साठ ते सत्तरच्या मधली वर्षं. तारापूरच्या बाजूला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं आणि बोईसरच्या बाजारात नाना गावची माणसं दिसायला लागली होती. मी केळव्याजवळच्या माहीमच्या वाड्यांतून नारळ-केळी उचलायचो आणि बोईसरला विकायचो. घर उमरोळीला, स्टेशनाजवळ. घासाघीस हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर स्वभावही.

बाई एका संस्थेच्या बालवाडीवर होत्या. शाळा म्हणजे कुणाचं तरी सारवलेलं अंगण. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात शिंपले, चिंचोके आणि चिंध्यांच्या बाहुल्या. उन्हातून चालून चालून टाचा फुटलेल्या. बोलणं पुण्याकडचं, शुद्ध.

पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या करवंट्या मागायला. मी म्हटलं, “बाई, आपल्याकडे फुकट काय मिलत नाय.”

“नका देऊ,” त्या म्हणाल्या. “मी पोरांनाच इथे घेऊन येते. तुमच्या नारळांवर चढतील, खेळतील. शाळा कुठेही भरते.”

मी गोणीभर करवंट्या काढून दिल्या. वर गोणीही गेली.

माझी धाकटी मुलगी तेव्हा पाच संपवून सहाव्यात होती. बोलत नव्हती. ‘आई’, ‘दे’, ‘नको’, एवढंच. पालघरच्या डॉक्टरनं कान तपासले, म्हणाला, ऐकू नीट येतं. हेडमास्तरांनी सांगितलं, “जूनमध्ये अशीच असली तर पहिलीत घेणार नाही. बाकीच्या पोरांचा खोळंबा होतो.” माझी बहीण शिरगावला दिलेली. तिनं परस्पर ठरवून टाकलं, “माज्याकडं पाठव तिला. मुकी तर मुकी, कोंबड्या राकील. जलमभर पोसीन.” बहीण प्रेमानंच म्हणाली. पण पाच वर्षांच्या पोरीचा सगळा जन्म एका वाक्यात मिटला होता. बायको रात्रंदिवस देवाला हात जोडायची. मी देवाशीही भांडत होतो.

शेवटी बाईंना विचारलं. काय म्हणाल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मला राग आला, पण आत कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. घर पाहायचंय? पाहा की. पक्क्या भिंती, मंगलोरी कौलं, रेडिओ. उमरोळीत तेव्हा रेडिओ होते किती!

बाई उंबऱ्याशी बसल्या. खुर्ची नको म्हणाल्या. रेडिओकडे पाहिलं. तो फडताळावर, भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला. पडवीत आढ्यापर्यंत नारळ रचलेले. मी आत आलो तशी बायको चुलीकडे गेली, थोरल्यानं पुस्तक उघडलं, आणि धाकटी पायरीवर दोन्ही हात मांडीत घेऊन बसली. गुणी पोर. पाहुण्यांसमोर माझी मुलं कधी मस्ती करत नसत.

बाईंनी एक नारळ उचलून तिच्यापुढे धरला. “हे काय ग?”

पोरीनं हात पाठीमागे लपवले.

“हिच्याशी कोण बोलतं?” बाईंनी मला विचारलं.

“सगले बोलतात की.”

“काय बोलतात?”

मी आठवायला लागलो. तेवढ्यात चुलीकडून माझी बायको बोलली. ती परक्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. “हात लावू नको. बाजूला हो. गप बस.” थांबली, आणखी काही सापडतं का ते पाहिल्यासारखं केलं, आणि म्हणाली, “येवडंच.”

आणि पुन्हा फुंकणी फुंकायला लागली.

“एवढ्यावर मूल काय बोलणार, शेठ?” बाई म्हणाल्या. “बाजारात दिवसभर तोंड चालवता. घरी येताना सगळं तिथंच विकून येता का?”

बायकोसमोर बोलल्या. शेजारीण दारात उभी होती, तिच्यासमोर बोलल्या. हे मी आजही विसरलेलो नाही.

मी उसळलो. “अक्कल वरूनच येते, बाई. ज्याच्यात हाय त्याच्यात हाय. माजा बाप वाडीवर गडी. मला कोन बोलायला होता? दुसरीतून काडला मला, मास्तर म्हनला दगड हाय. आज त्याच मास्तराचा भाऊ माज्याशी घासाघीस करून नारळ नेतो! मला कोनी शिकवलं?”

“बाजारानं,” बाई म्हणाल्या. “बाजार भेटला नसता तर?”

“तर भेटला असता काय तरी!”

“सगळ्यांना भेटत नाही हो,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट दमल्यासारखा झाला. मग त्यांनी विचारलं, “तुमच्या लहानपणीच्या त्या घरात काय होतं?”

कुणी असं विचारेल हे मला ठाऊक नव्हतं. “धूर,” मी म्हटलं. “धूर नि बाप.”

बाईंनी मान हलवली. समजूत घातली नाही. मला दुसरीतून काढलं तेव्हा घर पाहायला कुणी आलं नव्हतं. ही माझी खरी तक्रार. ती कुणावर करायची हे कळत नाही, म्हणून बाईंवर करतो.

जाताना त्यांनी उपाय सांगितला. औषध नाही, अंगारा नाही. “हिला बाजारात न्या. शेजारी बसवा. गिऱ्हाइकाशी बोलता तसं हिच्याशी बोला. आणि नारळाला हात लावू द्या.”

“धंद्यात पोर?”

“शिरगावला पाठवायची असेल तर राहू द्या,” म्हणाल्या. त्या बाईला घासाघीस करता येत नाही असं मला वाटायचं. हा भाव त्यांनी असा टाकला की पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

नेली. पहिले काही दिवस पोर गोणपाटावर मुकाट बसून राहिली. मलाही काय बोलावं सुचेना. गिऱ्हाइकाशी बोलायला विषय असतो. मग मी नारळाबद्दलच बोलायला लागलो. हा माहीमचा, हा केळव्याचा, ह्याला डोळे हायेत बघ, हा आतून रिकामा. लोक हसायचे. एक हिंदी बोलणारा मुकादम म्हणाला, “सेठ, नारियल से बात करता है क्या?”

चैत्र संपत आला होता. जून जवळ येत होता. सांगली-साताऱ्याकडचा एक कामगार आला. नारळ कानाशी धरून हलवला, परत हलवला, दुसरा घेतला, पुन्हा पहिला हलवला. माझं डोकं तापायला लागलं होतं. तेवढ्यात खालून आवाज आला.

“किती हलवतंस? त्याला चक्कर येल ना!”

मी इकडेतिकडे पाहिलं. आवाज ओळखीचा नव्हता.

कामगार हसत सुटला. “येतीया तर येऊ दे की, आमालाबी येतीया!” म्हणाला आणि भाव न करता दोन्ही नारळ घेऊन गेला. मी सुटे देताना चुकलो. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तोंड थांबेना. जूनमध्ये हेडमास्तरांसमोर उभी केली, तर तिनं त्यांनाच विचारलं, “तुमच्या डोक्यावरचे केस कुनी नेले?” नाव दाखल झालं. महिन्याभरात त्यांनी मला बोलावून घेतलं. “शेठ, ही वर्गात मुलांना पेन्सिली विकते.” शिरगावची आत्या रुसली.

शाळेच्या पहिल्या समारंभात हेडमास्तर बोलले, “हे सगळं बाईंचं श्रेय.” टाळ्या. रोज पोरीला गाडीत चढवणारा, उतरवणारा, नारळाशी वेड्यासारखा बोलणारा मी मागच्या रांगेत बसलो होतो. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि नुसत्या हसल्या. तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

त्यांचं प्रत्येक घर असं सुटत नसे, हे मी नंतर पाहिलं. डोंगराकडून आलेल्या एका कुटुंबातली चिमुरडी त्यांच्या अंगणात येऊ लागली होती. रंग ओळखायची, गाणी म्हणायची. दिवाळी झाली की ते कुटुंब मिठागरावर जायचं. परत आलं की पोर पुन्हा भिंतीला लागून बसायची, बाईंना ओळखायचीसुद्धा नाही. बाई पुन्हा शिंपल्यांपासून सुरू करायच्या. तिसऱ्या खेपेला पोर आलीच नाही. बाई चौकशीला गेल्या, तर झोपडीच उठून गेली होती. “घर दाखवा म्हणायला घर तरी हवं,” एवढंच बोलल्या, आणि त्या दिवशी चहा न पिता गेल्या.

पुढे संस्थेनं त्यांना उत्तरेकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर नेमलं. मी भांडायला गेलो. “पडवी रिकामी करून देतो. शाळा हितंच भरवा. नारळ कुठंपन ठेवीन.”

“तुमच्याकडे आता मी लागत नाही, शेठ.”

“मंजे एका पोरीपुरत्याच आलात काय?”

त्या म्हणाल्या, “एकीपुरतं झालं तरी पुष्कळ झालं हो. कधीकधी तेवढंही होत नाही.”

यावर काय भाव करणार?

निघाल्या त्या दुपारी उमरोळीच्या फलाटावर आम्ही दोघं पोचवायला गेलो. मुलगी आणि मी. गाडीला वेळ होता. बाई बाकावर बसल्या, शेजारी पिशवी, आणि पोरीनं सुरुवात केली. रूळ कुठं संपतात, डोंगरात समुद्र असतो का, तिथली पोरं कोणत्या भाषेत रडतात. बाई आधी उत्तरं देत होत्या, मग हुं हुं करायला लागल्या, आणि मग त्यांची मान कलली. तोंड किंचित उघडं. फुटलेल्या टाचा चपलांतून बाहेर आलेल्या. इतकं दमलेलं माणूस मी बाजारातही पाहिलं नव्हतं.

पोर बोलत राहिली. मग थांबली. वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“बाबा, बाई ऐकत नाय.”

“झोपल्यात त्या. उठवू नको.”

“मग तू ऐक.”

मी बाईंची पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून तिच्याजवळ बसलो. गाडी यायला अजून वेळ होता.