बंड्याताईंची हाक

आमच्या डबिंग स्टुडिओत त्यांना सगळे बंड्याताई म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा, अंगानं चांगल्या भरलेल्या. पण माइकसमोर उभ्या राहिल्या की आवाज आठ वर्षांच्या पोराचा. परदेशी सिनेमांतली व्रात्य पोरं वर्षानुवर्षं त्यांच्याच गळ्यातून बोलली. फोनवर लोक विचारायचे, "बाळा, घरात कुणी मोठं आहे का?" आणि या खुशाल "नाही" म्हणून फोन ठेवून द्यायच्या.

मी काचेच्या अलीकडे बसणारा रेकॉर्डिस्ट. 'आई' ही एकच हाक त्यांनी किती तऱ्हांनी मारलेली मी ऐकली आहे! गुडघा फुटल्यावरची वेगळी, खोटं बोलण्याआधीची लाडिक वेगळी. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. एकदा चहा पिताना सहज म्हणाल्या, "हाका मारून मारून घसा बसला रे माझा. आपल्याला एकदा कुणी मारावी, एवढंच राहिलं." मी माझ्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.

पुढे वयानं गाठलंच. वरच्या पट्टीत आवाज फाटायला लागला. दिग्दर्शकानं पोराच्या कामासाठी एक नवी मुलगी आणली आणि ताईंना त्याच सिनेमातल्या आईचं काम दिलं. मला वाटलं, रुसतील. त्या तर ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून आल्या.

"ताई, आवाजाला कपडे दिसत नाहीत," मी चिडवलं.

"तुला नसतील दिसत," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे अजून दोघांना एकाच माइकसमोर उभं करतात. पडद्यावर पोरगं धावत आलं आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "आई!" इतक्या वर्षांची सवय, ती काय अशी सुटते? सगळे हसले. ताईही हसल्या.

दुसऱ्यांदा मुलीनं एकटीनं हाक मारली. चांगली मारली. पडद्यावरची आई पोरावर रागावलेली, ओठ मिटून उभी. तिथे तिला वाक्यच नव्हतं. आणि ताई म्हणाल्या, "आले रे, आले." तो आवाज पोराचा नव्हता. तो मी आधी कधी ऐकलाच नव्हता.

"ताई," मी काचेपलीकडे सांगितलं, "ओठ बंद आहेत तिचे. हे ठेवता नाही येणार."

"दिसतंय मला. काढून टाक." त्यांनी चष्मा पुसला. "पण पोरानं हाक मारल्यावर ही बाई गप्प कशी राहते रे?"

मी ती पट्टी पुसली. पुन्हा टेक लावला. मुलीची हाक आली. ताई माइकचा स्टँड दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, अगदी त्या बाईसारख्या. दिग्दर्शक म्हणाला, हे बरोबर आहे, हेच ठेवा.