जुना रिपोर्ट नाही, असं मी सांगितलं

"मामा, मावशींच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत," बीडच्या दवाखान्यातल्या किडनीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मावशी म्हणजे माझी बायको, मंगल. ती शेजारच्या कॉटवर डोळे मिटून पडली होती. रक्तातलं क्रिएटिनिन ६.८ आलं होतं. मॅडमनी विचारलं, "याआधी कधी तपासलं होतं? जुना एखादा रिपोर्ट आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दापायी हे लिहितो आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर निदान तो शब्द तरी तुमच्या तोंडून जाऊ नये.

मी शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, इंजेक्शन देताना बैल धरायचा, हे माझं काम. पण गावात मला डॉक्टर म्हणतात, आणि मला ते आवडायचं. लोक स्वतःचे रिपोर्टही दाखवायला आणायचे. मी चष्मा लावून सांगायचो, "काही नाही, नॉर्मल आहे."

दोन वर्षांपूर्वी तपासणी शिबिरात आम्ही दोघांनी रक्त दिलं. माझं क्रिएटिनिन १.२, मंगलचं १.४. तिच्या आकड्यापुढं खूण होती, आणि खाली शिबिरातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की दुखण्याच्या गोळ्या बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणालो, "दोन दशांशाचा फरक. माझ्याएवढंच आहे की. तुला काय धाड भरली?"

तिनं नंतर दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्या वेळी मी म्हणालो, "मला कळतं का तुला?" मग तिनं तो विषय काढला नाही. तिचे गुडघे दुखायचे. गोळ्यांच्या पट्ट्या मीच आणून द्यायचो.

यंदा तिची भूक गेली. सकाळी उलटी व्हायची, ते मी पित्तावर घातलं. पाय सुजले, ते उभं राहण्यावर. लघवीला फेस येतो असं तिनं सांगितलं, ते मी ऐकून सोडून दिलं. किडनीची चाळण खराब झाली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून गळतं आणि त्याचा फेस होतो, हे मला दवाखान्यात कळलं. शेवटी तिला धाप लागायला लागली, तेव्हा बीड गाठलं.

दाखल केलं त्याच दिवशी मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनकडून करून घेणं. तिचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं आणि साफ होऊन परत येत होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. तिथं सगळे एकमेकांना आकडे विचारत होते. माझ्याशेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमचं किती?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आमचं नऊ हाय. बसा निवांत."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी समजावलं. बिघाड दोन प्रकारचा असतो. अचानक झालेला, त्याला अक्यूट म्हणतात. तो गोळ्यांमुळे झाला असेल तर किडनी पुन्हा काम करू शकते. तीन महिन्यांहून जुना असेल तर क्रॉनिक. तो सहसा मागं फिरत नाही. "जुना रिपोर्ट नाही म्हणता, म्हणून आपण आशा धरू," त्या म्हणाल्या.

मंगल उशीला टेकून बसली. तिनं बहिणीला फोन लावला. "बऱ्या होतेत म्हनं किडन्या. पुन्हा कामाला लागतेत." मी पाण्याची बाटली भरायला म्हणून बाहेर गेलो. बाटली भरलेलीच होती.

तो कागद आमच्या ट्रंकेत होता आणि ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी तीन दिवस गप्प राहिलो. मॅडमसमोर, नर्ससमोर, वाचून दुर्लक्ष केलं असं सांगायची लाज वाटली. दुसरं काहीच कारण नव्हतं.

गुरुवारी सोनोग्राफी झाली. किडन्या फार दिवस आजारी असल्या की बहुतेक वेळा आकसतात. मंगलच्या फारशा लहान दिसल्या नाहीत, त्यामुळे उलगडा होईना. मॅडम म्हणाल्या, बायोप्सी करावी लागेल. म्हणजे पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढायचा. क्वचित रक्तस्राव होतो, म्हणून नातेवाइकाची संमती लागते. त्यांनी कागद पुढं केला आणि पेन दिलं.

मी नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि थांबलो.

"मॅडम, जुना रिपोर्ट आहे. घरी. मीच बघितला होता आणि काही नाही म्हणून ठेवून दिला होता."

त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला. "सोमवारी हेच विचारलं होतं ना मी?"

भावजयीनं ट्रंकेतून रिपोर्ट काढून मोबाइलवर फोटो पाठवला. मॅडमनी मंगलचं तेव्हाचं वय आणि बाई असल्याची नोंद टाकून ईजीएफआर काढला. किडनी एका मिनिटात किती रक्त गाळते याचा तो अंदाज. शंभराच्या आसपास असला तर उत्तम, पंधराच्या खाली गेला तर किडनी निकामी समजतात. मंगलचा दोन वर्षांपूर्वीच शेहेचाळीस होता. आता सात.

मी विचारलं, "आणि माझा १.२?"

त्यांनी गणित केलं. त्र्याहत्तर.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. मी पंच्याऐंशी किलोचा गडी, ती पंचेचाळीस किलोची बाई. तिच्या अंगात ते मुळात कमी तयार होणार, म्हणून तिचा १.४ हा माझ्या १.२ पेक्षा कितीतरी वाईट. वजन बघितल्याशिवाय शेळीला औषध पाजू नका, असं मी पंचवीस वर्षं गावाला ओरडून सांगतोय.

बायोप्सी टळली. पण आजार जुना आहे हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर तिचा डावा हात राखून ठेवला असता. कायमच्या डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. चार दिवस सलाइन आणि सुया डाव्या हाताला टोचल्या होत्या. तिच्या शिरा आधीच बारीक, त्यात त्या सुजल्या. फिस्टुला उजव्या हाताला करावा लागला. ती उजव्या हातानं भाकरी थापते.

तिला मी त्या गुरुवारी दुपारीच सगळं सांगितलं. ती छताकडं बघत होती.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मॅडमनं इचारलं तवा मी जागीच होते."

"मग बोलली कावून नाहीस?"

"तुमी न्हाई म्हणलात. मी हाय म्हणून चार लोकांत तुमाला खोटं पाडायचं व्हय? समदे डॉक्टर म्हणतेत तुमाला."

"आणि बहिणीला बऱ्या होतेत म्हणून सांगितलंस ते?"

"तुमी ऐकत व्हतात म्हणून."

आता आठवड्यातून दोनदा आम्ही पहाटेच्या एसटीनं बीडला जातो. लोक अजून रिपोर्ट घेऊन येतात. मी चष्मा लावत नाही. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर काढून घ्या, लघवी तपासा, आणि हे माझ्याकडं नको, डॉक्टरकडं न्या, एवढंच सांगतो. जुने कागद फेकू नका. लाज वाटली तरी दाखवा. उशिरा का होईना, तो कागद दाखवल्यावर मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत, हे त्यांचे उपकार आहेत.

गेल्या आठवड्यात मॅडमनी विचारलं, "कसं वाटतंय?" सवयीनं मीच तोंड उघडलं. मंगल म्हणाली, "गप बसा जरा. मला इचारलंय."

 ती सांगत होती, मॅडम लिहून घेत होत्या. महिनाभरापासून तिच्या फिस्टुलाच्या उजव्या हाताची बोटं बधिर पडतात, हे मला तिथं कळलं.